गंधकाचा अणू, सामूची मर्जी

पपईचा चीक काढायचा तो सकाळी दहाच्या आत. फळ पूर्ण पोसलेले पण कच्चे, हिरवे असावे लागते. धरल्यापासून साधारण अडीच-तीन महिन्यांचे. त्याच्या सालीवर देठाकडून टोकाकडे चार उभे चरे द्यायचे, जेमतेम ३ मिलिमीटर खोल. पाते स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर सरळ बांबूची धारदार कामटी. साधे लोखंड चालत नाही. पांढरा चीक थेंब थेंब गळतो आणि काही मिनिटांतच साकळतो. तो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात धरायचा आणि उघड्या हातांना लागू द्यायचा नाही, कारण कातडी सोलवटते. तीन-चार दिवसांनी त्याच फळावर पुन्हा चरे. जमलेल्या चिकात अगदी थोडे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळून तो ५०-५५ अंशांना वाळवला की पिवळट भुकटी उरते. हे कच्चे पपेन. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने को-२ आणि को-५ हे पपईचे वाण काढताना चिकाचे उत्पन्न मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवले होते. चरे पडलेली फळे मात्र बाजारात कोणी घेत नाही. त्यांची टूटीफ्रूटी होते.

या सगळ्या सोपस्कारांमागे एकच धास्ती असते. पपेनच्या रेणूतला एक ठरावीक गंधकाचा अणू खराब होता कामा नये. लोखंडाचे किंवा तांब्याचे अंश आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ पडली की त्या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते आणि २१२ अमिनो आम्लांचा अख्खा रेणू बसून राहतो. मेटाबायसल्फाइट घालतात ते हे टाळण्यासाठी.

पपेन हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. प्रथिने तोडणाऱ्या विकरांची मुख्य घराणी चार, आणि घराण्याची ओळख ठरते ती प्रत्यक्ष तोडणारा घटक कोणता यावरून. आतड्यातल्या ट्रिप्सिनमध्ये तो सेरीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन असतो. जठरातल्या पेप्सिनमध्ये ॲस्पार्टिक आम्लाची जोडी असते. तिसऱ्या घराण्यात जस्तासारखा धातू असतो. चौथे घराणे सिस्टीनचे. यात काम करतो तो गंधक. पपईतले पपेन, अननसातले ब्रोमेलेन, अंजिराच्या चिकातले फायसिन, किवीतले ॲक्टिनिडिन ही या घराण्यातली खाद्यविश्वातली मंडळी. पण आपल्या स्वतःच्या पेशींतली अकरा कॅथेप्सिने, पेशीला ठरवून मरण देणारे कॅस्पेज, हिवतापाच्या परजीवीची फाल्सिपेन आणि करोनाविषाणूचे मुख्य प्रोटिएज हेही याच घराण्यातले. घराणे एवढे पसरलेले असूनही त्याची नाडी एकाच ठिकाणी सापडते: आजूबाजूच्या आम्लतेत. गंधकाची ताकद त्याची एकट्याची नाही. शेजारच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाशी विद्युतभाराची जी जोडी तो जमवतो तिच्यात ती आहे, आणि ही जोडी टिकते की मोडते हे सामू ठरवतो.

सामू हा आकडा शेतकऱ्याला माती परीक्षणाच्या अहवालातून ठाऊक असतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी. लक्षात ठेवायची गोष्ट इतकीच की एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. रक्त ७.४ वर असते, पेशीद्रव ७.२ च्या आसपास, पेशीतली लयकारिका, म्हणजे तिची पचनाची पिशवी, ४.५ ते ५ वर, रिकामे जठर १.५ ते ३ वर. म्हणजे रक्त आणि लयकारिका यांच्या आम्लतेत काही शे पटींचे अंतर आहे. इतक्या वेगळ्या ठिकाणी एकच विकर सारखेच चालेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. दोन दुव्यांना जोडणारा पेप्टाइड बंध मोठा चिवट असतो. उदासीन पाण्यात, साध्या तापमानाला एखादा पेप्टाइड बंध आपण होऊन तुटायला लागणारा काळ मोजला गेला आहे. निम्मे बंध तुटायला सुमारे ३५० ते ६०० वर्षे लागतात. विकर हेच काम सेकंदाच्या अंशात उरकते.

या बंधातल्या एका कार्बनवर किंचित धनभार असतो, कारण शेजारचा ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढत असतो. पपेनचा रेणू दोन लोबांचा आहे आणि दोहोंमध्ये खोल खाच आहे. साखळी त्या खाचेत येऊन बसते. खाचेच्या एका भिंतीवर २५ व्या क्रमांकाचे सिस्टीन, समोरच्या भिंतीवर १५९ व्या क्रमांकाचे हिस्टिडीन. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे यान ड्रेंट आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना उलगडली, तेव्हा ही समोरासमोरची बैठक पहिल्यांदा दिसली. सिस्टीनच्या गंधकाने आपला हायड्रोजन सोडलेला असतो, म्हणून त्याच्यावर ऋणभार. हिस्टिडीनने एक जास्तीचा हायड्रोजन धरलेला असतो, म्हणून त्याच्यावर धनभार. ऋणभारित गंधक साखळीतल्या त्या धनभारित कार्बनवर चाल करून जातो आणि त्याला चिकटतो. क्षणभर कार्बनला तीनऐवजी चार अणू जोडलेले असतात आणि त्याच्या ऑक्सिजनवर ऋणभार साचतो. हा अवघडलेला क्षण सावरायला १९ व्या क्रमांकाचे ग्लुटामिन आणि सिस्टीनच्याच कण्यातला हायड्रोजन आधार देतात. मग हिस्टिडीन आपला जास्तीचा हायड्रोजन साखळीतल्या नायट्रोजनला देऊन टाकते. बंध तुटतो, साखळीचा अर्धा भाग सुटून निघून जातो.

दुसरा अर्धा अजून गंधकाला चिकटलेलाच असतो. इथे पाण्याचा रेणू येतो. मघाशी हायड्रोजन देऊन मोकळे झालेले हिस्टिडीन आता पाण्याकडून हायड्रोजन ओढून घेते, उरलेला हायड्रॉक्सिल गट कार्बनवर धडकतो, आणि दुसरा तुकडाही सुटतो. गंधक पुन्हा ऋण, हिस्टिडीन पुन्हा धन. पुढच्या साखळीसाठी जागा मोकळी.

पुष्कळ पाठ्यपुस्तके सेरीन आणि सिस्टीन घराण्यांची एकाच आकृतीवर बोळवण करतात. हे खटकते, कारण खरा फरक त्यातच झाकला जातो. सेरीनचा ऑक्सिजन आपला हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही. हल्ल्याच्या ऐन क्षणी हिस्टिडीनला तो ओढून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हिस्टिडीन आधी रिकामे असावे लागते. सामू ७ च्या खाली गेला की हिस्टिडीन स्वतःच हायड्रोजन धरून बसते आणि ट्रिप्सिनसारखी विकरे ढेपाळतात. म्हणून त्यांची जागा आतड्यात. पपेनच्या गंधकाला अशी मदत लागत नाही. तो आधीच सज्ज असतो. म्हणूनच आम्ल वातावरणात काम करण्याची मुभा सिस्टीन घराण्याला मिळाली आहे.

ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला की झाले, असेही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे सबटिलिसिन या सेरीन विकरातल्या ऑक्सिजनचा गंधक करून दाखवला: एक नीट आणि कोशलँड यांचा, दुसरा पोल्गार आणि बेंडर यांचा. मुळात गंधक जास्त क्रियाशील. विकर जोमाने चालायला हवे होते. प्रत्यक्षात त्याने प्रथिने तोडणेच सोडले, फक्त सहज तुटणारी काही कृत्रिम एस्टरे तेवढी ते तोडू शके. अणू बदलला तरी भोवतालची मांडणी ऑक्सिजनसाठीच घडलेली होती.

मोकळ्या सिस्टीनचा गंधक हायड्रोजन सोडतो तो सामू ८.३ च्या आसपास. पेशीद्रवात असे दहातले एकसुद्धा सिस्टीन ऋणभारित नसते. पपेनमध्ये हाच गंधक सामू ४ च्याही खाली हायड्रोजन सोडून बसतो. एवढी मोठी ढकल त्याला समोरचे धनभारित हिस्टिडीन देते, शिवाय सिस्टीन ज्या सर्पिल कण्याच्या टोकाशी आहे त्याचाही हातभार लागतो. गंधक आणि हिस्टिडीन आधीपासूनच भारित जोडीने नांदतात ही कल्पना हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ठामपणे मांडली. १९७६ मध्ये लुईस, जॉन्सन आणि शेफर यांनी पपेनचे अनुमापन करून आकडे काढले: हिस्टिडीन आपला हायड्रोजन सोडते ते थेट ८.५ च्या आसपास.

हे दोन आकडे कळले की आलेख आपोआप समजतो. पपेनचा वेग सामूच्या पट्टीवर मांडला तर घंटेचा आकार मिळतो. ४ च्या आसपास डावी कड: तिथून खाली गंधक हायड्रोजन परत घेतो आणि हल्ला करणाराच उरत नाही. साडेआठच्या आसपास उजवी कड: तिथून वर हिस्टिडीनपाशी द्यायला हायड्रोजन उरत नाही, गंधक हल्ला करतो पण तुकडा सुटत नाही. मधे ५ ते साडेसातपर्यंत मोठे पठार. घराण्यातल्या प्रत्येकाच्या कडा थोड्या इकडेतिकडे असतात, पण घंटेचा ढंग तोच.

स्वयंपाकघरातले प्रकार यावरून चटकन उकलतात. मटणाला कच्ची पपई वाटून लावतात तेव्हा मांसाचा स्वतःचा सामू साडेपाच-सहाच्या घरात असतो. पपेनला ते मानवते. दही लावले तर तो पृष्ठभागावर साडेचारकडे उतरतो आणि पपेनचा जोर ओसरतो. लिंबाचा रस सढळ हाताने पिळला तर आणखीच. खरे काम मात्र मुरवताना कमी आणि भांडे चुलीवर चढल्यावर जास्त होते, कारण पपेनला ६०-६५ अंश भारी आवडतात. उकळीनंतर ते मरते. रात्रभर पपई लावून ठेवलेल्या मटणाचा लगदा झाला तर दोष खाटकाला देऊ नये. ताज्या अननसाची जिलेटिन घातलेली जेली जमत नाही, डब्यातल्या अननसाची जमते, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन संपलेले असते. चायना ग्रासची जेली ताज्या अननसानेही जमते. चायना ग्रास हे प्रथिन नव्हेच.

पचनाच्या गोळ्यांचे काय? आपल्याकडच्या औषध दुकानात फंगल डायस्टेज आणि पपेन यांची जोडी अनेक गोळ्या-सिरपांच्या लेबलावर दिसते. जठराच्या रिकाम्या पोटीच्या सामूला पपेन केवळ थांबत नाही, ते कायमचे बिघडते. जेवणानंतर अन्नामुळे सामू काही काळ वर चढतो, त्या अवधीत ते थोडेफार काम करू शकेल. पण त्याच जठरात पेप्सिन फुकट आणि जोमाने राबत असताना पपेनच्या गोळीवर फार भिस्त ठेवण्यासारखे काही नाही.

प्रयोगशाळेत मात्र पपेनने मोठी कामगिरी केली आहे. लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये प्रतिपिंडाचा रेणू पपेनने कापला आणि त्याचे तीन नीटस तुकडे मिळवले: दोन शत्रूला पकडणारे, एक बाकीच्या यंत्रणेशी बोलणारा. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे, त्याची सुरुवात या कापाकापीत आहे. पोर्टर यांना १९७२ चे नोबेल मिळाले, जेराल्ड एडलमन यांच्यासोबत.

झाडाला स्वतःला हे विकर कशाला हवे, याचे उत्तर जपानच्या कोतारो कोन्नो यांच्या गटाने २००४ मध्ये दिले. एरी रेशमाच्या अळ्यांना पपईची पाने घातली तर त्या मरतात. तीच पाने बारीक चिरून चीक धुऊन काढला तर त्या आरामात वाढतात. मग पानांवर ई-६४ हा पदार्थ फासून पाहिला. ई-६४ एका बुरशीपासून मिळतो आणि सिस्टीन घराण्याच्या गंधकाला कायमचा जखडतो, इतर घराण्यांना हात लावत नाही. ई-६४ फासलेली पाने चीक असूनही निर्धोक ठरली. अळ्यांना मारणारे पपेनच होते. चिकाच्या नळ्यांत ते निष्क्रिय पूर्वरूपात साठवलेले असते आणि जखम झाल्यावर काही मिनिटांत जागे होते. मोड आलेल्या उडदातही याच घराण्यातले एक विकर डाळिंबीत साठवलेली प्रथिने अंकुरासाठी मोकळी करते, आणि तेही आम्लधर्मी रिक्तिकेत.

विकराला निष्क्रिय ठेवायचे आणि योग्य जागी पोचल्यावर सामूच्या इशाऱ्याने जागे करायचे, ही युक्ती प्राण्यांच्या पेशीत तर फारच पक्की झाली आहे. बेल्जियमच्या क्रिस्टियान द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लयकारिकेचे वर्णन केले. पेशीची ही पचनाची पिशवी आपल्या भिंतीतल्या पंपांनी आत हायड्रोजन आयन ढकलत राहते. कॅथेप्सिन तयार होते तेव्हा त्याच्या सुरुवातीला एक जादा शेपटी जोडलेली असते. ही शेपटी नेमकी खाचेतून जाते, पण उलट दिशेने, त्यामुळे गंधकाला ती कापता येत नाही आणि दुसरे काही आतही येऊ शकत नाही. लयकारिकेच्या आम्लतेत शेपटीची पकड सैल होते, विकरांचे रेणू एकमेकांची शेपटी कापतात, आणि पचन सुरू होते.

पिशवी फाटली तर? कॅथेप्सिन एल उदासीन सामूला काही मिनिटांत कायमचे मोडते. म्हणजे पेशीद्रवात सांडले तरी फार वेळ धुमाकूळ घालू शकत नाही. त्यावर आणखी सिस्टॅटिन नावाची प्रथिने पहारा देतात. भरकटलेल्या कॅथेप्सिनची खाच ती बुजवून टाकतात. मूत्रपिंडाची तपासणी करताना डॉक्टर कधी कधी सिस्टॅटिन सी लिहून देतात, ते यांपैकीच एक. रक्तात ते सतत असते आणि मूत्रपिंडे गाळण्यात कमी पडली की साचते. कॅथेप्सिन एस मात्र उदासीन सामूलाही टिकते, म्हणून प्रतिकारशक्तीच्या पेशी परक्या प्रथिनांचे तुकडे दाखवण्याच्या कामात त्याचा उपयोग करतात.

कॅथेप्सिन बी ची गोष्ट सगळ्यांत मजेशीर. त्याच्या खाचेच्या एका तोंडावर साखळीचा एक लूप आडवा आलेला असतो. सामू ५ च्या आसपास हा लूप दोन क्षारबंधांनी घट्ट बसतो, त्यामुळे लांब साखळी खाचेतून आरपार जाऊ शकत नाही. विकर फक्त टोकाकडून दोन-दोन अमिनो आम्ले कुरतडते. सामू वाढला की लूपमधल्या हिस्टिडीनचा धनभार जातो, बंध सुटतो, लूप बाजूला होतो, आणि तेच विकर साखळी मधोमध तोडू लागते. सामू इथे वेग बदलत नाही, कामाचा प्रकारच बदलतो. कर्करोगाच्या गाठीभोवतालचे ऊतक किंचित आम्लधर्मी असते. तिथे पेशीबाहेर सांडलेली कॅथेप्सिने ऊतकाची वीण उसवून गाठीला वाट करून देतात, असे मानले जाते.

हाडांत हे सगळे जास्त उघड दिसते. ऑस्टिओक्लास्ट ही पेशी हाडावर कडा घट्ट चिकटवून बसते आणि खालच्या पोकळीत आम्ल सोडते. साडेचारच्या सामूला हाडातले कॅल्शियम विरघळते आणि उघड्या पडलेल्या कोलाजेनवर कॅथेप्सिन के तुटून पडते. या विकराचे जनुक बिघडले की पिक्नोडिसॉस्टोसिस होतो: उंची खुंटलेली, हाडे दाट पण ठिसूळ. जनुकाचा हा संबंध १९९६ मध्ये सिद्ध झाला. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांना हाच आजार असावा असा तर्क मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६५ मध्ये मांडला होता. तो सर्वांना पटलेला नाही.

कॅथेप्सिन के ला आवर घातला तर वयस्कर स्त्रियांची हाडे झिजणे थांबेल, असा सरळ हिशेब औषध कंपन्यांनी केला. नोव्हार्टिसचे बॅलिकॅटिब परीक्षानळीत अगदी नेमके होते. के ला रोखायचे आणि बी, एल, एस यांना सोडून द्यायचे. पण त्याचा रेणू सौम्य आम्लारी होता. असा रेणू भाररहित अवस्थेत पेशीच्या पटलांतून आत शिरतो, लयकारिकेच्या आम्लात हायड्रोजन घेऊन भारित होतो, आणि भारित झाल्यावर त्याला बाहेर पडता येत नाही. लयकारिकेत तो साचत जातो. साचलेल्या प्रमाणात नेमकेपणा टिकला नाही; इतर कॅथेप्सिनेही अडली. काही रुग्णांची त्वचा जाडजूड, कडक होऊ लागली आणि औषध मागे पडले. मर्क कंपनीने धडा घेऊन ओडानाकॅटिब आम्लारी नसलेले बनवले. १६,००० हून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत मणक्यांचे अस्थिभंग निम्म्याहून कमी झाले, खुब्याचेही निम्म्याच्या आसपास घटले. तरीही पक्षाघाताचे प्रमाण वाढल्याचे दिसले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने तेही सोडून दिले. सामूचा अडथळा पार केला म्हणून शरीर सगळे पत्ते दाखवते असे नाही.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत राहून हिमोग्लोबिनवर पोसतो. त्याची अन्नरिक्तिका साधारण ५ ते साडेपाच सामूची, आणि तिथे फाल्सिपेन-२ व ३ हिमोग्लोबिन फोडतात. परजीवीला ई-६४ दिले की सूक्ष्मदर्शकाखाली ही रिक्तिका न पचलेल्या हिमोग्लोबिनने गच्च फुगलेली दिसते. क्लोरोक्विन याच रिक्तिकेत साचते, ज्या कारणाने बॅलिकॅटिब लयकारिकेत साचले त्याच कारणाने. त्याचा मुख्य घाव वेगळ्या ठिकाणी बसतो, हिमोग्लोबिनमधून सुटलेल्या विषारी हीमचे स्फटिक होऊ न देण्यावर. पण पोचते ते आम्लतेच्या ओढीनेच.

क्लोरोक्विन कुळाची हीच सवय २०२० मध्ये गाजली. करोनाविषाणूला पेशीत शिरायला दोन वाटा आहेत. एक पेशीच्या पृष्ठभागावरची, जिथे टीएमपीआरएसएस-२ हे सेरीन विकर उदासीन सामूलाच विषाणूचा काटा कापून देते. दुसरी आतल्या आम्लधर्मी पिशवीतून, जिथे ते काम कॅथेप्सिन एल करते. वुहानमधल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये क्लोरोक्विन विषाणूला रोखते असे दाखवले ते व्हेरो पेशींत, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. तिथे पहिली वाट जवळपास बंदच असते. क्लोरोक्विनने पिशवीतली आम्लता उतरवली, कॅथेप्सिन एल थंडावले, विषाणू अडकला. मार्च महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली. एप्रिलमध्ये अमेरिकेसह अनेक देश भारताकडे गोळ्या मागू लागले. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने रुग्णालयातल्या रुग्णांना काही लाभ नसल्याचे जाहीर केले. त्याचे कारण जुलैमध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले: मानवी फुप्फुसाच्या पेशींत पहिली वाट उघडी असते आणि तिला सामूशी देणेघेणे नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या सामूला, कोणत्या विकराने, एवढे तीन प्रश्न वेळीच विचारले गेले असते तर त्या गोळ्यांचा गवगवा झाला नसता.

विषाणूच्या पोटातले मुख्य प्रोटिएज रोखण्याचा मार्ग मात्र लागू पडला. विषाणू आपली बरीच प्रथिने एका लांब पट्टीत बनवतो आणि हे विकर ती अकरा ठिकाणी कापते. फायझरच्या पॅक्सलोविडमधले निर्माट्रेल्विर त्याच्या १४५ व्या क्रमांकाच्या सिस्टीनला जाऊन चिकटते; अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२१ मध्ये तातडीची आणि मे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. इथे गंमत अशी की या विकरात भारित जोडी आधीपासून असते का, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २०२० मध्ये न्यूट्रॉन वापरून स्फटिकाचे चित्र घेतले. न्यूट्रॉनला हायड्रोजन दिसतो, क्ष-किरणांना तो जवळपास दिसत नाही. त्या चित्रात गंधक ऋण आणि हिस्टिडीन धन निघाले, पपेनसारखेच. इतर गटांचे गणित आणि वेगाची मोजमापे सांगतात की द्रावणात जोडी भाररहित असते आणि साखळी येऊन बसल्यावरच हायड्रोजनची देवाणघेवाण होते. पपेनचे चित्र सगळ्या घराण्यावर डोळे झाकून चिकटवू नये, इतके तरी यातून नक्की म्हणता येते. कॅस्पेजांच्या बाबतीतही तशीच शंका घेतली जाते.

घराण्यातले शेवटचे नाव लेग्युमेनचे. हे विकर ॲस्पॅरॅजिनच्या पुढे साखळी तोडते आणि आपल्या लयकारिकेत व वनस्पतींच्या रिक्तिकेत आढळते. सामू ५ च्या घरात ते तोडते. सामू उदासीनतेकडे सरकला की तेच विकर दोन तुकडे जोडूही लागते, कारण गंधकाला चिकटलेल्या तुकड्यावर पाण्याऐवजी दुसऱ्या साखळीचे टोक धडकते आणि बंध पुन्हा बांधला जातो. वनस्पतींतल्या काही लेग्युमेनांनी जोडण्याचेच काम पत्करले आहे. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातल्या जेम्स टॅम यांच्या गटाने २०१४ मध्ये असे एक विकर वेगळे केले आणि त्याला ब्युटेलेज-१ म्हटले. सामू ६ च्या आसपास ते पेप्टाइडची दोन टोके मिनिटांत जोडून कडे बनवते, आणि आज औषधी प्रथिने जोडायला संशोधक ते वापरतात. ते मिळाले गोकर्णीच्या शेंगांतून, आपल्याकडे कुंपणावर निळी फुले देणाऱ्या त्याच वेलीच्या.